पिकअप आज नक्की चालू होणार

४ जानेवारी, सकाळ

सुनेनं ऑफिसातून फुकट मिळालेली डायरी दिली. म्हणाली, आई, मनातलं यात लिहीत जा. म्हणजे तोंडानं बोलू नका. चौथी शिकले आहे मी, एवढं कळतं.

तर मनातलं. पिकअप आजही चालू झाली नाही. ह्यांनी इतका स्टार्टर मारला की शेवटी बॅटरीच बसली. मुलगा खिडकीतून ओरडला, बाबा, बास करा, शेजारी उठले. उठू देत. उजाडल्यावर उठायचं नाही तर कधी?

मुलाचं म्हणणं, विकून टाकू. अंगण अडतं, ऑइल गळतं. मी म्हटलं, गळतंय म्हणजे आत आहे. गळायचं थांबेल तेव्हा घाबर. बराच वाद झाला. शेवटी ठरलं की हा महिना संपेपर्यंत गाडी रोज चालू व्हायला लागली तर राहील, नाहीतर जाईल.

ठराव: रविवारपर्यंत चालू.

५ जानेवारी

डॉक्टर म्हणे ह्यांना विसरायचा आजार आहे. आजार कसला? ह्या वयात कोण विसरत नाही? डॉक्टर स्वतः आमची फाइल कुठं ठेवली ते विसरला होता.

चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, ते मान्य. गार चष्मा डोळ्यांना बराच असणार. परवा मला ताई म्हणाले, तेही मान्य. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. आमचे चेहरे थोडे मिळतात. नणंदबाई आज असत्या आणि त्यांनी हे वाचलं असतं तर मला उभी सोलली असती.

कारण मला पक्कं ठाऊक आहे. लोकांची घरं हलवायचा आमचा धंदा. एका घरातलं सामान भरायचं, दुसऱ्या घरात उतरवायचं. हे चालवायचे, उचलायचे. मी शेजारच्या सीटवर. आरसा मागच्या हौद्यात टाकायला कुठलीच बाई तयार नसायची, तो माझ्या मांडीवर. जन्मभर लोकांच्या आरशात स्वतःचंच तोंड बघत फिरले, म्हणून अशी वैतागलेली दिसते. अशा माणसाची गाडी बंद पडली की डोकं बंद पडणारच. गाडी चालू झाली की डोकं चालू. ह्याला डॉक्टर कशाला हवा? मिस्त्री हवा.

८ जानेवारी

मिस्त्री बॅटरी चार्ज करून घेऊन आला. चावी फिरवली, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबला, मग स्टार्टर मारला. पहिल्या फटक्यात चालू! (डिझेलच्या इंजिनाला थंडीत आधी आतून शेक द्यावा लागतो, तो हीटर. हे मलाही येतं. फक्त चालवता येत नाही.)

मिस्त्री म्हणाला, आजी, गाडीला काही झालेलं नाही. म्हटलं, मग रोज सकाळी काय नाटक करते का?

तो गेला. इंजिन गार झाल्यावर हे बसले. दिवा विझला, स्टार्टर मारला. नाही. पुन्हा मारला. नाही. डॉक्टर समोर आला की ताप उतरतो, त्यातलाच प्रकार.

रविवार गेला. ठराव पुढच्या रविवारी.

१४ जानेवारी

बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आली होती. मीच गरम पाणी ओतून घासली. मिस्त्रीनं फिल्टरमधलं पाणी काढलं, हीटर नवे घातले. त्याच्या हाती गाडी शहाण्या सुनेसारखी वागते. (आमच्या सुनेसारखी नव्हे.) ह्यांच्या हाती मेल्यासारखी पडते.

निष्कर्ष: गाडी फितूर आहे. ज्यानं आयुष्यभर न्हाऊमाखू घातलं त्याला विचारत नाही, परक्याला बघून गुरगुरते.

ह्यांना म्हटलं, अहो, तुम्ही काय वेगळं करता? म्हणाले, काय करायचंय वेगळं, जे नेहमी करतो तेच. मग भांडले माझ्याशी. छान भांडले. अगदी पूर्वीसारखं. तब्येत सुधारतेय.

१७ जानेवारी

आनंदाची बातमी. हे आज आपणहून कॅन घेऊन कोपऱ्यावरच्या पंपावर गेले. कुणी सांगितलं नाही, काही नाही. मी आपली लांबून मागं मागं गेले. भाजी घ्यायची होती म्हणून. वाट चुकले नाहीत. परत आले, टाकीत ओतलं, फडक्यानं टाकीचं तोंड पुसलं. म्हणाले, आता पळेल बघ. मुलाला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं, आजारी माणसं अशी पंपावर जातात का रे?

 

१८ जानेवारी

मिस्त्रीला बोलावलं होतं. त्यानं गाडी चालू केली. आधी टकटक, मग खडखड, मग पांढरा धूर, मग गप्प. त्यानं टाकीचं झाकण काढून वास घेतला. म्हणाला, आजी, डिझेलच्या गाडीत पेट्रोल कुणी घातलं?

सगळेच उभे होते. मुलगा, सून, हे. हे भिंतीकडं बघत होते, जणू कुणा भलत्याच्या गाडीची गोष्ट चालली आहे.

मी म्हटलं, मी.

मग मुलगा जो सुटला! आई, अगं जन्म गेला तुझा डिझेलच्या गाडीत, लहान पोराला कळतं. सून म्हणाली, जाऊ दे हो, वय झालं त्यांचं. माझं वय काढलं! दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिला तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं.  हेही म्हणाले, काय बाई आहे, पेट्रोल घालतात का.

मिस्त्रीनं एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि टाकी रिकामी करायला घमेलं आणायला गेला.

तर मीच घातलं. चुकून. माझ्या हातून होतं असं, ह्यांच्या हातून होत नाही. इथं लिहून ठेवते म्हणजे माझंही तेच पक्कं होईल.

२३ जानेवारी

टाकी धुतली, पाइप धुतले, नवं डिझेल. मिस्त्रीच्या हाती पुन्हा चालू. ह्यांच्या हाती पुन्हा नाही. मुलगा कॅलेंडरकडं बघतो आणि मग माझ्याकडं. बोलत नाही. बापावर गेला असता तर बोलला असता.

ठराव: उद्या आपण स्वतः शेजारी बसून बघायचं. ह्या गाडीचा तिसरा डोळा मीच.

२४ जानेवारी, सकाळ

बघितलं.

हे बसले. चावी फिरवली. दिवा विझला. मग डावा हात आपोआप खाली गेला आणि काळी मूठ बाहेर ओढली. मग स्टार्टर.

ती मूठ इंजिन बंद करायची आहे. ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. मूठ बाहेर राहिली तर गाडी उद्यापर्यंत चालू होणार नाही. मिस्त्री बसला की सवयीनं आधी ती आत सारतो, म्हणून त्याला होते.

म्हटलं, अहो, ही कशाला ओढली? म्हणाले, चोक नको का द्यायला? थंडीची चोकशिवाय उठते का ही?

चोक आमच्या पहिल्या गाडीला होता. ती पेट्रोलची होती. बरोब्बर त्याच जागी मूठ होती, थंडीत ओढायची. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा बसले ते त्याच गाडीत. मुलगा पाळण्यात होता तेव्हा विकली.

पदरानं समोरची काच पुसली. मग लक्षात आलं की ही चांगली खूण आहे. इतकी जुनी गोष्ट ज्याच्या हाताला आठवते तो माणूस विसरभोळा कसा?

२५ जानेवारी

चालू झाली!!

युक्ती माझी. ह्यांनी मूठ ओढली की मी खोकल्याचं निमित्त करून पुढं वाकते आणि गुडघ्यानं ती आत ढकलते. हे स्टार्टर मारतात. धडाड्. हे खूश. म्हणाले, बघितलंस? चोक बरोबर दिला की झालं. मी म्हटलं, तुमच्यासारखा चोक कुणाला देता येतो.

मुलगा दात घासत बाहेर आला आणि तसाच उभा राहिला, तोंडात फेस.

३१ जानेवारी

रोज चालू. महिना संपला. मुलगा शब्दाला जागला, म्हणाला, राहू दे. फक्त बाबांनी रस्त्यावर न्यायची नाही, उभ्या उभ्या चालू करायची. मी म्हटलं, नाही हो, रस्त्यावर कशाला.

पुढचे बेत: हौद्याला रंग. सीटला नवं कापड. ह्यांचा धंदा पुन्हा सुरू, लहान लहान कामं. उचलायला माणसं ठेवू. मी आहेच. डॉक्टरला एकदा गाडी घेऊन दाखवायला जायचं, हॉर्न वाजवत.

गुडघा सुजला आहे. सुनेनं विचारलं, म्हटलं, थंडी.

९ फेब्रुवारी

मुलगा-सून कामाला गेले होते. इंजिन चालू होतं. ह्यांनी गिअर टाकला. मी नको म्हटलं नाही. कोपऱ्यापर्यंत काय होतंय? मी शेजारी आहे ना.

काय चालवली! हात कापला नाही, गिअर खरवडला नाही. कोपरा गेला, पंप गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काच उघडी होती म्हणून.

एका निळ्या फाटकाच्या घरापुढं थांबवली. उतरले. सरळ आत गेले आणि ओट्यावरची खुर्ची उचलून आणून हौद्यात ठेवली. परत गेले, कुंडी घेऊन आले. घरातली बाई धावत बाहेर, अहो, अहो, कोण तुम्ही? हे अगदी अदबीनं म्हणाले, बाई, घाबरू नका, एका खेपेत होईल सगळं. आरसा तेवढा आमच्या मंडळींकडं द्या. तिच्या मांडीवर दिला की ओरखडा येत नाही.

मी उतरले. त्या बाईचे पाय धरायचे बाकी ठेवले. खुर्ची आणि कुंडी मीच परत नेऊन ठेवली. ती बाई चांगली होती, तिनं पोलिस बोलावले नाहीत, पाणी दिलं. तेच जास्त लागलं.

परत येऊन माझ्या जागेवर बसले. हे दार धरून उभे. माझ्याकडं बघितलं. ओळखीचं हसू नाही, परक्याला दाखवतात ते. म्हणाले, तुम्ही जरा मागं बसता का? तिथं आमची बायको बसते.

मागं म्हणजे हौद्यात.

म्हटलं, बसते.

घराकडं येताना हौद्यात बसले होते. मिस्त्रीचं दुकान लागलं तेव्हा हाका मारल्या. तो पळत आला, गाडी थांबवायला लावून पुढं चढला, तिथून घरापर्यंत त्यानंच आणली.

१० फेब्रुवारी

मुलाला सांगितलं, गाडी विक. त्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, ऑइल गळतं.

त्यानं डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाला, आई, पेट्रोल तू नव्हतं घातलंस ना? म्हटलं, मीच घातलं. जास्त शहाणपणा करू नकोस.

२१ फेब्रुवारी

गिऱ्हाईक उद्या येणार. काळजी ह्यांची. अंगण रिकामं बघून काय करतील? रडतील, शोधत सुटतील, मला मारायला उठतील. उत्तरं तयार ठेवली आहेत. एक: मिस्त्रीकडं सर्व्हिसिंगला गेली. दोन: मुलानं कामाला नेली. तीन: रंगायला दिली. रोज एकेक फिरवून सांगीन. माझ्यासारखी खोटं बोलणारी ह्या घरात दुसरी नाही.

२२ फेब्रुवारी

नेली. चालू करायला त्या माणसाला काहीच त्रास झाला नाही. हे आत दाढी करत होते.

२५ फेब्रुवारी

अजून विचारलं नाही. बाहेर जातात, मोकळ्या जागेत खुर्ची टाकून ऊन खातात. उत्तरं तशीच पडून आहेत. सून म्हणते, बरं झालं ना आई, तुम्ही उगाच घाबरलात.

हो. बरं झालं.

१ मार्च, सकाळ

आज राहवलं नाही. चहा घेऊन बाहेर गेले आणि मीच विचारलं, इथं एक गाडी होती ना हो?

म्हणाले, कुणाची?

म्हटलं, होती एका माणसाची. लोकांची घरं हलवायचा.

म्हणाले, मग कुठं गेली?

म्हटलं, विकली. त्याच्या बायकोनं.

कप तोंडाशी नेला होता तो खाली ठेवला. वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, त्याला विचारलं तरी का तिनं?

म्हटलं, नाही.

मान हलवत राहिले. मग चहा उचलला आणि म्हणाले, आमच्या हिनं असं कधी केलं नसतं.