गच्चीवरचा चायनीज कोबी

रविवार, संध्याकाळ

आज चायनीज कोबी कापला. दाबून पाहिला, तर लूमवरून उतरलेल्या कापडाच्या ताग्यासारखा घट्ट! दोन वर्षं मी रोपं कपात वाढवून मग ड्रममध्ये लावायचे. मुळं दुखावायची आणि गड्डा धरायच्या आधीच फुलं यायची. सूनबाईने, सुनीताने बजावलंच होतं, “आई, यंदाही फुलंच आली तर गच्चीवरून ड्रम हलवायचा हं.” म्हणून दिवाळीनंतर बी थेट ड्रममध्येच पेरलं. पुढे शेजारच्या लूमवरच्या टाकाऊ सुताने पानं सैल बांधली. गरज होती का, कोण जाणे. मला राहवेना.

मघाशी सुनीतानेही कोबी दाबून पाहिला. मग मी पुन्हा दाबला, उगाचच.

“आई, अजून एक ड्रम आणायचा का?”

“बघू,” म्हटलं. लगेच हो म्हणायला मी काय खुळी आहे?