माठातलं पाणी आणि चांदीचं ताट

सिडको, छत्रपती संभाजीनगर
५ मे २०२६

प्रिय विहीणबाई,

पत्र बघून दचकू नका. इकडं सगळे खुशाल आहेत, कुणी आजारी नाही, कुणाशी भांडण नाही. हातात फोन असताना ही बाई पोस्टाचं पाकीट कशाला पाठवतेय, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. आमची प्रेरणा शेजारी भाकरी थापत सगळं ऐकत असते. शिवाय आपण दोघी फोनवर इतक्या गोड बोलतो, की खरं बोलायला जागाच उरत नाही. तेव्हा हे पत्र एकट्याच वाचा. प्रेरणाला दाखवू नका, ती माझ्यावर चिडेल. तीन आठवड्यांत तीनदा लिहून फाडलं. भीती एकाच गोष्टीची होती. लेक तुमच्या घरात नांदते. माझ्या लिहिण्यानं तिचं माहेर तुमच्या नजरेतून उतरलं, तर मी इथं बसून राहीन, पण तिला रोज तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं आहे. तरी लिहिते आहे, ते तुमच्या भरवशावर.

सुरुवात आमच्या माठापासून झाली. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडं आलात तो मे महिनाच होता, आठवतं? सोयगावहून बसनं आला होतात, घामाघूम. दोन तांबे पाणी प्यालात आणि म्हणालात, "तुमच्या माठाचं पानी लई गोड लागतं बघा. आमच्या फ्रीजचं नुसतं गार लागतं." मी हसले, पण मनात ठिणगी पडली. तुमची रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते तोच मी यांना म्हणाले, ऐकलंत ना, फ्रीज नाही म्हणून टोमणा मारून गेल्या. हे म्हणाले, अगं, पाणी गोड लागलं म्हणजे पाणी गोड लागलं. पण वाळूजच्या कंपनीत नट-बोल्ट मोजणाऱ्या माणसाला विहिणीच्या बोलण्यातलं काय कळतंय, असं मला वाटलं. आमच्याकडं हे असंच चालत आलंय. माझी आई माझ्या सासूचं एकेक वाक्य तांदूळ निवडावेत तसं निवडायची आणि खडा सापडेपर्यंत थांबायची नाही. मीही तेच शिकले. तुम्ही साधं कौतुक केलंत आणि मी त्यात खडा शोधून काढला.

चार दिवसांत दोन दारांचा फ्रीज आला. आत्ता काही भरायचं नाही, फक्त सही करा, असं दुकानदार म्हणाला, आणि मला तो माणूस फारच भला वाटला. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या एवढ्या थोरल्या फ्रीजमध्ये पाण्याच्या सहा बाटल्या, एक वाटी विरजण आणि अर्धं लिंबू. माठ मी खालच्या मजल्यावरच्या अनवरीआपांना देऊन टाकला, तुमच्या नजरेला पुन्हा पडू नये म्हणून.

त्याच साली अधिक श्रावण आला. जावयाचा पहिला अधिक. वाण द्यायचं तर चांदीच्या ताटात, विश्वजीतरावांना अंगठी, तुम्हाला पैठणी. दुकानात मी इतक्या ऐटीत कार्ड पुढं केलं, की माझं मलाच कौतुक वाटलं. आमचे व्याही तात्यासाहेब ताट हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले होते. मला वाटलं, प्रभाव पडला! आणखी एक कबुली देऊन टाकते. ते तेहेतीस अनारसे मी केलेले नव्हते. गुलमंडीवरून विकत आणून घरच्या डब्यात भरले होते. तुम्ही म्हणालात, "जाळी काय सुरेख पडलीय, विहीणबाई," आणि तुम्हाला कळलंय असं समजून मी रात्रभर तळमळले.

मग काय, दिवाळीला तुम्ही प्रेरणाच्या कानांत सोन्याचे झुबे घातलेत. आता संक्रांतीला जावयाला नुसता तिळगूळ कसा द्यायचा, म्हणून मी घड्याळ दिलं. पाडव्याला तुमच्याकडून टीव्ही आला. विहीणबाई, तो टीव्ही एवढा मोठा आहे की समोरच्या भिंतीला पाठ टेकवली तरी बातम्या देणारी बाई अंगावर आल्यासारखी वाटते. पण मला तेव्हा हसू आलं नाही. मी टीव्हीकडं बघत पुढच्या सणाचा विचार करत होते. तीन वर्षं आपण दोघींनी एकमेकींना उसंत म्हणून मिळू दिली नाही.

माझ्याकडं हे कसं निभत होतं, ते आता सांगते. एका कार्डाचं भरायला दुसरं कार्ड घेतलं. हे डबल ड्यूटी करू लागले, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं की कंपनीत यांच्यावाचून पान हलत नाही. घरच्या लग्नांना जाणं आम्ही सोडलं, कारण आहेर न्यावा लागतो. वसुलीवाल्यांचे फोन यायला लागल्यावर अनोळखी नंबर मी उचलेनाशी झाले. गेल्या पावसाळ्यात प्रेरणाला ताप आला होता. तिच्या फोनची बॅटरी गेलेली, म्हणून तिनं शेजारणीच्या फोनवरून मला चार वेळा फोन केला. मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, तुला हाक मारावीशी वाटली होती गं." बाथरूमचा नळ सोडून रडायचं म्हटलं, तर नळाला पाणी नव्हतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. जिच्या मानासाठी म्हणून सगळं करत होते, तिचाच फोन मी उचलला नव्हता.

एवढं होऊनही मी शहाणी झाले नाही बरं का. यंदा पुन्हा अधिक आला. सतरा तारखेला लागतोय, आणि चोवीसला रविवारी तुम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलंय. या खेपेला जावयाला सोन्याचा गोफ करायचा, असं मी परस्पर ठरवून टाकलं. कार्डांत आता काही उरलं नव्हतं. तेव्हा चैत्रात एके दुपारी आईच्या पाटल्या पर्समध्ये टाकल्या आणि औरंगपुऱ्यात सोनं गहाण ठेवून घेणाऱ्यांच्या ऑफिसात गेले. तसलं ऑफिस आमच्या कोपऱ्यावरही आहे, पण तिथं आमच्या बिल्डिंगमधल्या चारजणी भेटल्या असत्या. यांना सांगितलं, मॅचिंगचं अस्तर आणायला चालले. तिथं काय झालं ते शेवटी सांगते, कारण त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलंय. आत्ता एवढंच सांगते, की तासाभरानं मी बाहेर पडले तेव्हा पाटल्या माझ्या पर्समध्येच होत्या.

घरी येऊन मी यांना माझं सगळं सांगितलं. दुसरं कार्ड, वसुलीचे फोन, गोफ, पाटल्या, अगदी सगळं. मला वाटलं, आता हे बोलायचेच बंद होतील. तर हे इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, मुक्ता, माठ परत आण आधी. दोन्ही कार्डं मी कात्रीनं कापली. कात्रीची धार गेली, पण जिवाला बरं वाटलं. भरायचं अजून बाकी आहे, वर्ष-दीड वर्ष जाईल. पण आता हे एकच ड्यूटी करून दिवसाउजेडी घरी येतात. पोहे खातात आणि त्या अवाढव्य टीव्हीला पाठ करून गॅलरीत बसतात. मी सगळे फोन उचलते. वसुलीच्या मुलीशीसुद्धा नीट बोलते, तिलाही पोटापाण्याचं बघायचंच असतं.

माठ मागायला अनवरीआपांकडं गेले तर त्यांनी त्यात मोगरा लावलेला. फुलला होता. आपा हसल्या, म्हणाल्या, "इसको रहने दो भाभी, चलो नया लाएंगे." दोघी जाऊन नवा घेऊन आलो. आपांनी वाजवून वाजवून सहा माठ नापसंत केले, कुंभार वैतागला. आता तो माठ गॅलरीत ओल्या गोणपाटावर ठेवलाय. आणि अनारसे मी स्वतः केले. तांदूळ तीन दिवस भिजवले, गूळ घालून पीठ मुरवलं. पहिला घाणा तुपात पार विरघळला, कढईत नुसता चिखल. दुसऱ्याचे तुकडे झाले, ते यांनी खाल्ले. तिसऱ्याला जाळी पडली. गुलमंडीसारखी नाही पडली, पण माझी आहे. फार दिवसांनी मी स्वयंपाकघरात एकटीच गुणगुणत होते.

आता औरंगपुऱ्याचं. त्या दुपारी मी स्कूटीवरून गेले होते, म्हणजे डोळे सोडले तर अख्खं तोंड स्कार्फमध्ये. आत गेल्यावरही कुणी ओळखू नये म्हणून तो काढला नाही. नंबर घेऊन बाकड्यावर बसले आणि शेजारी बघते तर तात्यासाहेब! मांडीवर रुमालात बांधलेली डबी. उठावं तर ओळखतील, बोलावं तर आवाज ओळखतील. त्यांनी मला ओळखलं नाही. उलट, एवढ्या उन्हात ही बाई एकटी आली, हिच्यावर काय वेळ आली असेल, असं त्यांना वाटलं असणार. म्हणाले, "ताई, तुमी आधी जा, तुमचा नंबर मागं हाय. माझी गाडी पाचची हाय, मला घाई नाय." चहावाला आला तेव्हा दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला. स्कार्फ काढल्याशिवाय तो पिता येईना, आणि काढता तर येईना. मी कप धरून बसले. मग अनोळखी माणसाशी बोलतात तसं ते मोकळेपणानं बोलले. "अधिकाचं जेवन हाय व्याह्यांकडं. मानसं लई चांगली, पर करनं बी मोठं. मागं चांदीचं ताट दिलं. या बारीला सुनंला काही सोन्याचं केल्याबगर कोनत्या तोंडानं पंगतीला बसावं? घरच्या लक्ष्मीनं आपली एकदानी काढून दिली. म्हनली, मला पोत बास हाय." आणि ते डबीवरून हात फिरवत राहिले. विहीणबाई, ती एकदाणी मी लग्नात तुमच्या गळ्यात पाहिली होती. तुम्ही सारखी चाचपत होतात. माझ्या एका फ्रीजपायी सुरू झालेलं हे सगळं तुमच्या गळ्यापर्यंत आलं होतं. मी कप बाकड्याखाली ठेवला, हात जोडले आणि उठून चालू लागले. ते मागून म्हणत होते, "ओ ताई, नंबर आला तुमचा."

तात्यासाहेबांनी घरी येऊन त्या मुक्या बाईबद्दल सांगितलं असेल, तर ती मी होते. नसेल सांगितलं, तर त्यांना कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांचं गुपित मी तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, प्रेरणाला तर नाहीच. माझं मागणं एवढंच आहे. सुनेला सोनं घेतलं नसेल तर घेऊ नका, आधी एकदाणी सोडवून आणा आणि चोवीसला ती गळ्यात घालून या. दुसरं काही आणलंत तर दारातूनच परत पाठवीन, विहीण म्हणून तेवढा हट्ट माझा. विश्वजीतरावांना यंदा गोफ नाही. त्याच जुन्या ताटात धोंडे आणि वेडेवाकडे तेहेतीस अनारसे मिळतील, तेवढं त्यांना गोडीत सांगा. तुमच्यासाठी माठ भरून ठेवते. पाणी गोड लागलं तर पुन्हा तसंच म्हणा, या वेळी मला तेवढंच ऐकू येईल. आणि तात्यासाहेबांचा एक चहा माझ्याकडं बाकी आहे, तो मी त्या दिवशी तोंड उघडं ठेवून त्यांच्यासमोर बसून पिईन. तेवढी एक उधारी आपल्या दोन घरांत राहिलेली बरी.

तुमचीच,
मुक्ता