तीनशे यार्डांवरील माझे स्थान

४ नोव्हेंबर १९७३
एन.सी.सी.त नाव घातले. आईच्या मते माझा लाजरेपणा जाईल. माझा उद्देश निराळा. जानेवारीत लखनौला नेमबाजीचा सामना असून चार मुली निवडायच्या आहेत. त्यांतली एक मी. बाबांची भुसावळहून रेल्वेने बदली केल्यापासून झाशीत मला कोणी ओळखत नाही. मराठी शाळेत मी सदैव पहिली होते, हे इथे कोणाला सांगावे?

९ नोव्हेंबर
ग्रंथालयातून शस्त्रविषयक ग्रंथ आणला. पॉइंट टू-टू रायफलीची गोळी हलकी. जराशा वाऱ्याने ढळते. थ्री-नॉट-थ्री जड आणि निश्चयी. सात-बासष्ट किंचित बारीक, परंतु अधिक वेगवान. म्हणून दूरवर जाताना कमी खाली येते. निष्कर्ष: लांब पल्ल्यास सात-बासष्टच योग्य. तुलनेचा तक्ता देवघराशेजारी चिकटवला.
मुलींना मात्र टू-टूच देतात. अंतर पंचवीस यार्ड. एवढ्या अंतरावरून आई मला जेवायला हाक मारते.

१८ नोव्हेंबर, रविवार
पहिला सराव. पाच गोळ्या. कागद कोरा.
कारण उघड आहे. गोळी खाली येणार हे धरून मी नळी उचलली होती. ते गणित तीनशे यार्डांचे होते. गणित बिनचूक, अंतर अपुरे. सराव घेणारे हवालदारजी म्हणाले की, बिटिया, चीलें तो सब उड़ गईं, अब टारगेट की तरफ भी देख लो. चील म्हणजे घार. सगळ्या हसल्या. मीही हसले, किंचित उशिरा.
शेजारी मोठ नावाच्या गावची कांचन होती. शेतकऱ्याची मुलगी. पाचही गोळ्या मधोमध. तिला कोणते कॅलिबर पसंत, असे धीर करून विचारले. म्हणाली की, अरे दीदी, जो पकड़ा दें वही. अभ्यासाचा पूर्ण अभाव.

२ डिसेंबर, रविवार
एक डोळा मिटून दुसरा उघडा ठेवायचा असतो. माझे डोळे एकमेकांची साथ सोडत नाहीत. आईच्या सूचनेवरून एकावर रुमाल बांधला. तो उघडा ठेवायचा डोळा निघाला. हे प्रथम हवालदारजींच्या ध्यानात आले, कारण मी त्यांच्याकडे नेम धरला होता. रायफल रिकामी होती. तरीही ते आडवे झाले.

१६ डिसेंबर, रविवार
हवालदारजींना शुद्ध हिंदीत निवेदन दिले: टू-टू माझ्या बुद्धीस अपुरी आहे, लांब पल्ल्याची संधी द्यावी. त्यांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले की, अगले इतवार लड़कों की थ्री-नॉट-थ्री चलेगी, तीन सौ गज, तुम्हें सबसे ज़रूरी जगह देंगे. और सुनो, घर से लेई लेती आना. लेई म्हणजे आपली कणकेची खळ. रायफलीस खळ कुठे लागते, हे ग्रंथात नाही. बहुधा प्रगत तंत्र असावे.
चौघींची नावेही तेव्हाच कळणार. निवड जवळजवळ झाली, असे आईला सांगितले. तिने लगोलग दुर्गामावशीला भुसावळला पत्र टाकले.

२३ डिसेंबर, रविवार
तीनशे यार्डांवर होते. दुसऱ्या टोकाला.
लक्ष्यांच्या खाली खंदक असतो. मुले तिकडून गोळ्या झाडत. प्रत्येक फेरीनंतर मी लक्ष्य खाली ओढून भोकांवर कागदाचे तुकडे चिकटवत असे. थ्री-नॉट-थ्री डोक्यावरून जाताना वीज कोसळावी तसा आवाज येतो. ग्रंथकार याविषयी मौन बाळगतो. वाऱ्याने गोळी किती ढळते, हा विचार मला एकदाही सुचला नाही. दोन्ही डोळे मिटलेले होते. अखेरीस ते उपयोगी पडले.
चौघींत पहिले नाव कांचनचे. माझे नाहीच.
खळीचा डबा उचलून निघाले, तोच हवालदारजींनी हाक मारली. म्हणाले की, ऐसी लेई तो हमने पूरी नौकरी में नहीं देखी, कागज उखड़ता ही नहीं. लखनऊ तुम भी चलोगी. कांचनने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. झाशीत मला प्रथमच सर्वांनी नावाने ओळखले.
खळ आईने केली होती, हे सांगायला मी लाजले.
घरी येऊन तिला प्रमाण विचारले. म्हणाली की, अगं, प्रमाण कसलं, अंदाजाने. हे शास्त्रीय नव्हे. भिंतीवरचा तक्ता उतरवू लागले. तिच्याच खळीने चिकटवलेला, निघेना. त्यावरच नवा लिहिते: कणिक, मैदा, साबुदाणा. लांब पल्ल्यास मैदाच योग्य ठरेल.