पिवळ्या काचेच्या बत्त्या

बाबा, जीपला पिवळ्या बत्त्या परत बसवल्या. आधी तेच सांगतो, बाकीचं मागून.

तुम्ही हौसेनं नागपूरहून आणून लावलेल्या जोडीतली डावीकडची काच हायवेवर फुटली. ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला. तशी जोडी आता इकडे कुठंच मिळत नाही, म्हणून मी आपल्या लाखनीच्या गाड्यांच्या बत्त्यांच्या दुकानात पांढऱ्या एलईडी ठोकल्या नि मोकळा झालो. उजेड झकास पडायचा, पण गावी, करडीच्या घरी, माय घाबरायला लागली. तुम्ही गेलात हे तिला एखाद्या दिवशी ठाऊक असतं, एखाद्या दिवशी नसतं. पिवळ्या बत्त्यांची ओळख मात्र पक्की. शनिवारी संध्याकाळी तुम्ही दुकानातून घरी यायचात, तेव्हा तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या रस्त्यावर, त्या दिसल्या की ती भात चढवायची आणि फाटक उघडून उभी राहायची. पांढऱ्या बत्त्या पाहून तिनं आतून कडी लावली. मी बाहेरून हाका मारतोय, आणि ती आतून म्हणते, "मालक घरी नाहीत, उद्या या." आपल्याच दारात परक्यासारखं उभं राहणं फार वाईट असतं, बाबा. मला रडू आलं.

मग मोबाईलवर शोधत बसलो. परदेशातल्या एका दुकानदाराकडे अगदी तशीच जोडी सापडली. रंग पाहिला, माप जुळवलं, मागवली. पार्सल कस्टममध्ये अडकलं तेव्हा सगळ्या जगाच्या नावानं बोटं मोडली. शेवटी आली, बसवली, आणि गाडीसमोर स्टूल टाकून बसलो. तुम्ही बसायचात तसाच, समोरून येणाऱ्याच्या बाजूला, सायकलवाल्याच्या उंचीला. तुमचे डोळे दिपले तर गाडी दुकानातून हलायची नाही, गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो. एकदा मीच म्हणालो होतो, त्यालाच उजेड जास्त पाहिजे तर आपलं काय जातं. तेव्हा तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. "आपल्याले दिसावं म्हणून समोरच्याले आंधळं करून राहिला काय तू?" एवढंच बोललात, पण दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाहीत.

माझेही डोळे असे दिपले की पाणी आलं. वळून गाडीसमोरच्या भिंतीवर पाहतो तर उजेड डावीकडं, रस्त्याच्या कडेला उचलायच्या ऐवजी उजवीकडं, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उचललेला. त्या मुलखात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावतात हो, बत्त्याही तशाच. मी शहाण्यानं सगळं विचारलं, तेवढं सोडून. खरं सांगू, मोह झाला होता. माय फाटक उघडेल ना, मग चालवून घ्यावं. पण शनिवारी मी घरी जातो त्या वेळी पाळीवरून धान कापून परतणारी माणसं सायकलीनं येत असतात. मुकाट्यानं काढून ठेवल्या.

दुसऱ्यांदा आपल्यासारखंच डावीकडून चालणाऱ्या देशातला दुकानदार गाठला. त्याला भिंतीवर उजेड पाडून फोटो पाठवायला लावला. तो वैतागला, पण पाठवला. या जोडीला मी तळहातावरच्या फोडासारखं जपतो. वाटेवरच्या राइस मिलचा भुसा काचेवर बसतो, त्यावर कोरडं फडकं फिरवत नाही, आधी पाणी सोडतो. पाऊस झाला की आत वाफ धरली का बघतो, धरली असेल तर मागचं रबर काढून उन्हात ठेवतो. हे सगळं तुमचंच आहे, मी नवीन काही शिकलेलो नाही.

काल शनिवार होता. पाळीवरून वळलो तर फाटक उघडं. माय पदर सावरत अंगणात उभी, कितीतरी दिवसांनी हसत होती. जीप थांबली तशी म्हणाली, "आज लवकर आले जी?"

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहून टाकतो. बत्त्या विझवल्या असत्या तर गाडीत तुम्ही नाही, मी आहे हे तिला लगेच दिसलं असतं. मी त्या बराच वेळ चालू ठेवल्या.