माझ्या बाजूचा ब्रेक

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

उभ्यानेच नमस्कार. साष्टांग लिहायची पद्धत आहे, पण साष्टांग घातला तर मला परत उठवायला दोन माणसं लागतील, आणि पत्रात खोटं लिहायची मला सवय नाही. तेव्हा एका हाताने टेबल धरून जेवढं वाकता येतं तेवढी वाकले आहे असं समजा. तुमचे गुडघे, तुमचं ब्लडप्रेशर आणि तुमचे चिरंजीव कसे आहेत? तिघांपैकी सध्या कोण जास्त त्रास देतं ते सवडीने कळवा.

तुमचं पत्र आणि तेलाची बाटली, दोन्ही पोचलं. पत्र भरगच्च, बाटली अर्धी (उरलेली अर्धी पार्सलच्या खोक्याने पिऊन टाकली). तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मी माझा ड्रायव्हिंगचा क्लास बंद केला हे खरं का, आणि ‘तू बरी होईपर्यंत चार दिवस येऊन राहू का’. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नको. एक तर हा आजार बरा होत नाही, त्यामुळे तुमचे चार दिवस कधी संपायचेच नाहीत. दुसरं म्हणजे तुम्ही आलात की माझ्या स्वयंपाकघरातले डबे जागा बदलतात, आणि हल्ली मला एक डबा शोधायला ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणं म्हणजे परगावी जाण्यासारखं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर देते, कारण खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने ते तुम्हाला फोनवर आधीच दिलेलं दिसतंय. तिच्या सांगण्यात गाडी उलटली, मी बेशुद्ध पडले आणि मला पत्रा कापून बाहेर काढलं. यातलं काहीही झालं नाही. जे झालं ते याहून वाईट होतं, पण ते तिच्या गॅलरीतून दिसण्यासारखं नव्हतं.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव इतक्या वर्षांत तुम्हाला पाठ झालेलं नाही. तुम्ही अजून ‘तिचं ते नसांचं’ म्हणता. हरकत नाही. मेंदूकडून पायाकडे निरोप नेणाऱ्या वायरींवरचं वेष्टण जागोजागी उडालं आहे, एवढं कळलं तरी पुरे. निरोप निघतो, वाटेत गळतो, आणि पोचलाच तर भलताच पोचतो. ‘सैल सोड’ म्हणून सांगावं तर पाय ‘घट्ट धर’ असं ऐकतो. (तुमच्या भावाबरोबर संसार केल्यामुळे मला या प्रकाराची थोडी सवय होती. पण तो निदान जेवायला हाक मारली की हलायचा.) सकाळी मी जागी होते तेव्हा पाय माझ्या आधी उठून तयार असतात, इस्त्रीच्या टेबलासारखे सरळ, आणि दोन्ही गुडघे एकमेकांना असे चिकटलेले, की दोघे मिळून कोणाची तरी निंदा करताहेत असं वाटावं. एकाला बाजूला करावं तर दुसरा त्याच्या मागोमाग जातो. पलंगाच्या कडेला बसायचं तर स्वतःला कपाटासारखं फिरवावं लागतं. बूट घालायला घेतला की बोटं मुठीसारखी आवळतात. जमिनीवर चवडा टेकला की टाच शिवणयंत्रासारखी थडथडायला लागते, आणि काम मात्र एका टाक्याचं होत नाही. तुम्ही लिहिलंय की ‘आयुष्यभराचा ताठा शेवटी पायात उतरला’. वाक्य चांगलं आहे. मी ते डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्यांनाही आवडलं.

उपाय सांगणाऱ्यांना मात्र तोटा नाही. ज्याला स्वतःच्या घरातला गळका नळ बंद करता येत नाही तोही माझ्या पायाकडे बघून मान हलवतो आणि चालत जा, चालत जा म्हणतो. शेजारणीने कढत पाण्यात पाय सोडून बसायला सांगितलं. या आजारात उष्णता सोसत नाही हे मला ठाऊक होतं, मी तसं बोललेही, पण ती बाई बादली घेऊनच आली होती, आणि बादली घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा हे कॉलेजात शिकवत नाहीत. पहिली काही मिनिटं स्वर्ग होता. मग पाय असे विरघळले की बादलीत ते आहेत की नाहीत हे वाकून बघावं लागलं, आणि वाकले तर डोळ्यांपुढे धुकं. अंग निवेपर्यंत आम्ही दोघी समोरासमोर बसून होतो, आणि तेवढ्या वेळात तिने मला आपल्या तिन्ही सुना सांगितल्या. उठून जाता न येणाऱ्या माणसाला सुना सांगणं हा गुन्हा धरला पाहिजे. तुमच्या तेलाचंही सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल. मनापासून चोळलं. पाय होता तसाच ताठ राहिला, फक्त तळवा गुळगुळीत झाला. ताठ पाय, गुळगुळीत तळवा आणि फरशी एकत्र आले म्हणजे काय होतं, ते माझ्या डाव्या कोपरावर अजून हिरवं-निळं दिसतं.

आता क्लासचं. तुम्हाला माहीत आहे, शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की आपण तो दाबायचा, एवढंच त्याचं काम. गेलं वर्षभर माझ्या पायाने हे काम माझ्याकडून काढून घेतलं होतं. मी काही दाबत नव्हते. गाडी सुरळीत चाललेली, रस्ता मोकळा, आणि अचानक मांडी आवळायची, गुडघा ताठ व्हायचा आणि पाऊल ब्रेकवर दाणकन पडायचं. गाडी जागच्या जागी उभी. मागचे लोक हॉर्न वाजवताहेत आणि शिकणारी बाई स्टिअरिंगला मिठी मारून बसलेली. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती बाई (बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, खालच्या लोकांना चळाचळा कापायला लावते) घाबरून म्हणाली, “सॉरी मॅडम, मी आरशात बघत होते. मागचं नाही, स्वतःला.” वन्सं, मला काहीच माहीत नव्हतं. मी फक्त “हं” म्हटलं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. पाय गाडी थांबवायचा आणि शेजारचं माणूस काहीतरी कबूल करायचं. एकजण म्हणाला, चष्मा घरी विसरलोय. एकीने सांगितलं, क्लचवरून पाय काढलाच नव्हता, मघापासून. एक नवी लग्न झालेली मुलगी तर रडायलाच लागली आणि म्हणाली, तुम्हाला कसं कळलं, मी सासूबाईंचाच विचार करत होते. मी प्रत्येकाला “पुन्हा होता कामा नये” एवढंच म्हणायची. गावभर बोभाटा झाला की या मॅडमना चूक व्हायच्या आधी दिसते. परीक्षा घेणाऱ्या इन्स्पेक्टरने मला थांबवून सांगितलं की तुमची माणसं सगळ्यात जपून चालवतात. का नाही चालवणार? सुखाने चालवत असताना केव्हाही थोबाडीत बसू शकते हे ज्याला कळलं तो जपूनच चालवतो. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटली नाही. वाटलं, एवढ्या आजाराने एक तरी गोष्ट फुकट दिली, घ्यावी.

पण एका दातांच्या डॉक्टरणीला हे जमेना. हुशार बाई, हात हलका, चूक म्हणून सापडायची नाही; त्यामुळे पाय पडला की तिला कबूल करायला काही नसायचं आणि ती बिचारी खरोखर शोधत बसायची. “मॅडम, आत्ता काय चुकलं?” “विचार करा.” “केला. सापडत नाही.” “मग आणखी करा.” असं करत ती आतून खचायला लागली. परीक्षा जवळ आलेली. मला वाटलं, हिच्यापुरता तरी हा पाय गप्प बसवला पाहिजे. डॉक्टरांनी स्नायू सैल पडायची गोळी दिलेली होती, थोड्यापासून सुरू करून सावकाश वाढवायची अशी सक्त ताकीद देऊन. (आपण सगळ्या गोष्टी सावकाशच करतो असं त्या माणसाला का वाटलं, देव जाणे.) तिच्या शेवटच्या दिवशी मी संध्याकाळचीही गोळी सकाळीच घेतली. पाय लोण्यासारखा मऊ झाला. जिना उतरताना कठड्याला जरा जास्त लोंबकळावं लागलं, तरी मी खुशीत होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी गाडीत माणसासारखी बसले होते, गुडघा वाकवून.

बाईने सुंदर गाडी चालवली. पाय एकदाही पडला नाही. परत येताना रोपवाटिकेशी वळण आहे, तिथे एक सामानाची व्हॅन फाटकातून मागे येत होती. बाईला ती दिसली की नाही मला माहीत नाही, मला दिसली. मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबायचं ठरवलं. निरोप गेला, आणि पाय लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा जिथे बसवला होता तिथेच बसून राहिला. मी हाताने मांडी उचलायला गेले, तोवर बाईने स्वतःच स्टिअरिंग फिरवलं आणि आम्ही व्हॅनला चुकवून कुंड्यांच्या रांगेत शिरलो. मातीच्या कुंड्या, एक कंपाउंडची भिंत आणि आमचा एक दिवा, एवढंच गेलं. कोणाला ओरखडाही आला नाही. रोपवाटिकेचा मालक धावत आला आणि आधी झाडांची चौकशी केली, मग आमची.

सवयीने बाईने विचारलं, “मॅडम, माझं काय चुकलं?” मी म्हटलं, तुमचं काही नाही. तिला ते पटेना. ती म्हणाली, “व्हॅन मला दिसली होती. पण तुम्ही ब्रेक दाबला नाहीत, म्हणून मला वाटलं, सगळं बरोबर चाललंय.”

वन्सं, वर्षभर मी त्या सगळ्यांना नाहक थांबवलं त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण त्या कुंड्यांच्या खापरांत बसून मला हे वाक्य ऐकावं लागलं. मी त्या बाईला दुसऱ्या एका क्लासचा पत्ता दिला आणि घरी आल्यावर आमच्या फाटकावरची क्लासची पाटी मेकॅनिककडून उतरवून घेतली. शेजारणीने पाटी उतरताना पाहिली आणि बाकीचा अपघात घरी बसून रचला.

डॉक्टर खूप बोलले. मला कोणी बोलण्याचा प्रसंग तुमच्या आईनंतर पहिल्यांदाच आला. त्यांचं म्हणणं असं, की हा ताठरपणा सगळा घालवायचा नसतो. माझ्या पायांतली ताकद गेली आहे, आणि मी जी काही उभी राहते ती या ताठरपणाच्याच आधारावर. तो पूर्ण काढला तर खाली काही नाही. म्हणजे जो छळतो त्यालाच धरून उभं राहायचं, फक्त तो जरा कमी छळेल इतपत गोळी घ्यायची. मी त्यांना म्हटलं, हे मला माझ्या लग्नातच सांगायला हवं होतं. ते तरुण आहेत, त्यांना कळलं नाही.

तेव्हा असं आहे. क्लास बंद केला हे खरं. मी बेशुद्ध पडले हे खोटं. गोळी ठरल्याप्रमाणे घेते, जिना जपून उतरते, कोणाची गरज नाही. तुम्ही येण्याचे कष्ट घेऊ नयेत. चिरंजीवांना आशीर्वाद, सूनबाईंना सहानुभूती. लोभ आहे तेवढाच ठेवा, वाढवायच्या भानगडीत या वयात पडू नका.

तुमची,
भावजय

ता. क. व्यायाम शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणतात पाय रोज सकाळी ताणला पाहिजे, आणि तो स्वतःचा स्वतःला नीट ताणता येत नाही. दुसऱ्या माणसाने टाच हातात घेऊन अंगाचा भार सावकाश द्यायचा असतो. झटका दिला की स्नायू भांडतो, हळू आणि न बोलता धरून ठेवलं की शेवटी सोडतो. (‘न बोलता’ हे मी घातलं आहे.) मी पट्टा बांधून कपाटाच्या मुठीने जमवून पाहिलं. मूठ निघाली. त्या दर वेळी विचारतात, घरात आणखी कोण आहे? परवा कंटाळून मी नणंद म्हणून सांगितलं. त्यांनी वजन विचारलं. मी अंदाजे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, उत्तम.

आणखी ता. क. वर जिथे ‘नको’ लिहिलं आहे ते खोडून पत्र नव्याने लिहायचं होतं, पण हात दुखायला लागला, म्हणून तसंच पाठवते. डबे हवे तिथे ठेवा.

शेवटचं. गाडी विकलेली नाही, दिवा नवा बसवला आहे. हॉस्पिटल लांब आहे आणि रिक्षावाले मला चढायला वेळ लागतो म्हणून निघून जातात. माझ्या क्लासमधून पास झालेली पहिली बाई तुम्ही. त्यानंतर आधी तुमच्या यजमानांनी आणि आता चिरंजीवांनी किल्ली हातात दिली नाही, ते त्यांचं त्यांना लखलाभ. लायसन्सची मुदत संपली असेल तर नवं करून, हात बसवून या. गाडी तुम्ही चालवायची, मी शेजारी बसेन. माझ्या बाजूचा ब्रेक काढून टाकला आहे. फक्त तोंड ठेवलं आहे, आणि त्याची तुम्हाला सवय आहे.