ओष्ठपद्धती मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता साहेब,
यांत्रिकी विभाग, पाणी उपसा केंद्र.

विषय : मोठ्या इंजिनाचे व्हॉल्व्ह पत्ती ओठांत धरून लावण्याची पद्धत बंद करणे व जखमी फिटरवरील नोटीस मागे घेणे याबाबत.

संदर्भ : १) 'ओष्ठपद्धती' सर्व पाळ्यांना लागू करणारे आपले परिपत्रक. २) जखमी फिटरला दिलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. सदर अर्जदार आपल्या केंद्रातील मोठ्या इंजिनावर मुख्य फिटर आहे. जखमी फिटर हा अर्जदाराचा सख्खा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. आवाजामुळे त्यास सर्वजण भोंगा म्हणतात. सध्या त्याच्या ओठाला टाके आहेत, समोरचे दोन दात गेले आहेत आणि भोंगा बंद आहे.

२. सदर पद्धत अर्जदाराने "प्रदीर्घ अनुभवातून विकसित केली" असे परिपत्रकात नमूद आहे. ते सूचनाफलकावर वाचून अर्जदारास तोंड लपवायला जागा उरली नाही. वस्तुस्थिती अशी की, इंजिन बंद होऊन थंड झाले की एकाने पहारीने चाक हळूहळू फिरवायचे असते. दुसऱ्याने वर बसून 'थांब' म्हणायचे आणि व्हॉल्व्हचा दांडा व त्याला दाबणारा रॉकर यांच्या फटीत पोलादी पत्ती सरकवायची. पत्ती किंचित ओढ घेऊन निघाली पाहिजे. सैल निघाली तर इंजिन टकटक करते, अडली तर व्हॉल्व्ह जळतो. ही ओढ बोटांना कळते. अर्जदाराच्या बोटांना ती कळेनाशी झाली आहे. बोटे साफ बधिर आहेत. सदऱ्याची बटणे पत्नी लावते. चहा गरम आहे की गार, हे पेला ओठाला लावल्यावरच समजते, आणि पत्तीचे त्यावरूनच सुचले.

३. म्हणजे साहेब, ही विद्या नव्हे, लपवाछपवी आहे. पाळीतील लोकांनी विचारले तेव्हा खरे सांगायची अर्जदारास लाज वाटली. मुख्य फिटर म्हणवून घ्यायचे आणि बोटे गेली म्हणून कसे सांगायचे? म्हणून "बोटापेक्षा ओठाला बारीक कळतं," असे अर्जदाराने ठोकून दिले. एवढेच एक वाक्य, पण त्याचे परिपत्रक झाले. पुढे मिशा ओठावर येऊ नयेत असा आदेश निघाला. भांडार विभागाने पत्त्या पुसण्यासाठी पांढरी फडकी दिली. कवळी असलेल्या एका वयस्क सहकाऱ्याने सूट मिळावी म्हणून अर्ज केला, तो नामंजूर झाला. हे सर्व अर्जदार उघड्या डोळ्यांनी बघत होता.

४. घटनेच्या दिवशी या पद्धतीची छायाचित्रे काढून घेण्यासाठी आपण स्वतः छायाचित्रकारासह इंजिनघरात आलात. भोंगा वर पत्ती दाताओठांत धरून बसला होता आणि चाकावर खुद्द अर्जदार होता. तोंडात पत्ती असली की 'थांब' म्हणता येत नाही, हे अर्जदाराइतके कोणास ठाऊक असणार? अर्जदार स्वतः वर असताना हात वर करून खूण करीत असे. भोंग्यानेही हात वर केला. परंतु त्या वेळी अर्जदार कॅमेऱ्याकडे बघत होता. मान ताठ करून, साहेब, पोट आत ओढून. पहारीला आणखी एक हिसका बसला, रॉकर खाली आला आणि पत्ती दाताओठासकट वाकली. त्या छायाचित्रात अर्जदार हसतो आहे.

५. चौकशीत भोंग्याने "पत्ती चुकीच्या कोनात धरली" असा निष्कर्ष निघून त्यास नोटीस मिळाली आहे. नोकरीवर गदा येण्याची वेळ आहे. पत्ती कोणत्याही कोनात धरली असती तरी हेच झाले असते. अर्जदार त्या चौकशीत साक्षीला होता आणि तेथेही त्याची जीभ उचलली नाही. घरी येऊन जेवायला बसला तेव्हा पत्नीने ताट वाढले आणि म्हणाली, "बोटं गेली हे सांगायला लाज वाटते. माझ्या भावाचे दात गेले, त्याची नाही वाटत?" अर्जदारास तिच्याशी नजर मिळवण्याचे धाडस अद्याप झालेले नाही.

६. सबब नम्र विनंती की, ओष्ठपद्धती तत्काळ बंद करावी. इंजिनघराच्या भिंतीवर लावलेली त्या दिवशीची छायाचित्रे उतरवावीत, निदान अर्जदाराचे तरी. भोंग्यावरील नोटीस मागे घेऊन तीच अर्जदाराच्या नावे काढावी. अर्जदारास व्हॉल्व्हच्या कामावरून दूर करावे. झाडलोट दिली तरी चालेल, खराटा धरायला बोटांना काही कळावे लागत नाही. कामावरूनच कमी केले तरी तक्रार नाही.

खाली मान घालून, आपला,
मुख्य फिटर, मोठे इंजिन
(पेन बोटांत ठरत नसल्याने, सही येत असूनही अंगठा उठवला आहे.)
दिनांक : १४ मार्च

सोबत : डॉक्टरांचा बोटांविषयीचा दाखला.

लिहून घेणाऱ्याचे निवेदन : दाजींना बोटांमुळे लिहिता येत नाही आणि मला सध्या बोलता येत नाही, म्हणून ते सांगत गेले व मी लिहीत गेलो. अंगठा उठवून ते बाहेर गेले आहेत. पुढील मजकूर त्यांना माहीत नाही. त्यांच्या बोटांचे मला आधीपासून ठाऊक होते. ताईला कळायच्या आधी त्यांची बटणे मीच लावून दिली आहेत. पाळीत कुजबुज सुरू झाली तेव्हा ते एकटे वेगळे दिसू नयेत म्हणून त्यांच्यानंतर पहिल्यांदा मी पत्ती तोंडात धरली. माझे बघून बाकीच्यांनी धरली. साहेब, मला ओठाने कधीच काही कळले नाही. मी लावलेले सगळे व्हॉल्व्ह कृपया कोणाकडून तरी हाताने पुन्हा तपासून घ्यावेत.