बंद किनार

व्हियेन्तियान
३ नोव्हेंबर

प्रिय आई,

मका घरात आला असेल. थंडी पडली का? पत्र यूआ वहिनीच वाचून दाखवणार, तेव्हा वहिनी, सावकाश वाच आणि मध्येच हसू नकोस.

मी ठीक आहे. खामसिंगही ठीक आहे. लाओ जावयाचं नाव निघालं की तू चूल फुंकायला उठतेस, म्हणून एकदाच लिहिते.

कामाचं सांगते. आमच्या मासिकाच्या नववर्ष अंकात आपल्या ह्मोंग भरतकामावर समोरासमोरची दोन पानं मांडायची होती. मी झोळीची नक्षी घेतली. मूल पाठीशी बांधायची, तुझी. नमुना समोर नव्हता, लागलाही नाही. शेताच्या चढावर तू धाकट्या तोंगला पाठीवर घेऊन पुढे चालायचीस, मी मागून. ती झोळी माझ्या डोळ्यांसमोर हलत असायची: निळ्या कापडावर मेणानं उमटवलेल्या रेषा, त्यावर गोगलगायीची वेटोळी, भोवती लाल किनार. तोंगला झोप लागली की त्याची मान किनारीवर कलंडायची.

संगणकावर वेटोळं एकदा काढलं की हवं तितकं उलटवता येतं. माझा पहिला टाका बघून तू विचारलं होतंस, "ब्लिये, हे शिवलंयस की कोंबडीनं उकरलंय?" ते आठवून एकटीच हसले.

अडचण किनारीवर आली. आमच्या संपादक दालावोनबाई म्हणाल्या, "नक्षी पानाबाहेर जाऊ दे. कडा कापल्या की पान मोठं दिसतं."

"किनार कापायची नाही."

"का?"

"आमच्यात कापत नाहीत."

"अगं, कागद आहे हा! यात कोण झोपणार आहे?"

तू सांगायचीस, किनार उघडी राहिली तर मुलाचा आत्मा तिथून बाहेर भटकायला जातो. माझा त्यावर विश्वास आहे असं नाही. तरी पानं छापायला गेली ती चारही बाजूंनी बंद. बाई अजून फुगलेल्या आहेत.

खरं कारण त्यांना सांगितलं नाही. ते आधी तुला कळायला हवं. मार्चमध्ये मला मूल होईल.

मी घर सोडलं तेव्हा तू म्हणालीस, "लाओच्या पोराला माझ्या हातची झोळी मिळायची नाही." बाळाची पहिली झोळी आईच्या आईकडूनच येते, हे तेव्हा आपल्या दोघींनाही माहीत होतं. इथे बाजारात मशीनवर शिवलेल्या मिळतात. बघून आले. टाके सरळ आहेत. घेतली नाही.

सोबत नक्षी छापून पाठवते, झोळीच्याच मापाची. कुठे चुकली असेल तर नखानं खूण कर. कापडावर घ्यायची की चुलीत घालायची, ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा उत्तराची घाई नाही. दुसरी झोळी मी घेणार नाही, एवढंच.

अजून तुझ्या मागूनच चालणारी,
ब्लिया